आडवी झाडलेली गोळी आणि हातातून सोडलेली गोळी: हवेत खरंच एकदम पडतात का?

आडगाव_नाका (धागाकर्ता)

अकरावीच्या पुस्तकातलं नेहमीचं विधान: एकाच उंचीवरून एक गोळी आडवी झाडली आणि त्याच क्षणी दुसरी हातातून सोडली, तर दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकतात. टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवून फूटपट्टीने टोलवायचा प्रयोग वर्गात दाखवला की "टक्" असा एकच आवाज येतो आणि सगळे माना डोलावतात. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, पण हवेत पण?"

तीन गोष्टी हव्या आहेत. (१) हवा धरली तर उत्तर काय, आकड्यांसकट. (२) फरक पडत असेल तर तो मोबाईलच्या कॅमेऱ्यात पकडता येईल असा स्वस्त प्रयोग. (३) मुलांना एक्सेलमध्ये मार्ग काढता येईल अशी पद्धत. विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय. किस्से नकोत, आकडे द्या.

शून्य_घर्षण

थेट उत्तर: हवेत एकदम पडत नाहीत. झाडलेली गोळी *उशिरा* पडते.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि त्याची दिशा एकूण वेगाच्या नेमकी उलट. त्याचा उभा भाग काढला तर तो येतो क × (एकूण वेग) × (उभा वेग), इथे क हा एक स्थिरांक. इथे मेख आहे. उभ्या दिशेच्या रोधात एकूण वेग घुसलाय. गोळी आडवी सुसाट जात असेल, तर तिच्या खाली येण्यालाही हवा जास्त अडवते. म्हणजे आडवी आणि उभी गती स्वतंत्र राहत नाहीत.

आता आकडे. स्पर्धेच्या एअर रायफलचा ४.५ मिमी छर्रा घ्या. वजन ०.५३ ग्रॅम, नळीतून बाहेर पडताना वेग १७० मी/से. आपल्या नाशिकची उंची साधारण ६०० मीटर, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी हवेची घनता सुमारे १.१ किलो प्रति घनमीटर (समुद्रसपाटीला प्रमाण आकडा १.२२५). रोध-गुणांक (वस्तूच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) ०.५ धरला, तर सुरुवातीला छर्ऱ्यावर हवेचा रोध ०.१२६ न्यूटन येतो, आणि छर्ऱ्याचं वजन ०.००५२ न्यूटन. रोध वजनाच्या चोवीस पट! गुरुत्वाकर्षणावर आपण एवढं बोलतो, पण पहिल्या क्षणी त्या छर्ऱ्यावर राज्य हवेचं असतं.

१.५ मीटर उंचीवरून आडवा सोडला, तर:
– हातातून सोडलेला छर्रा: ०.५५ सेकंद
– झाडलेला छर्रा: ०.६१ सेकंद, पडतो सुमारे ७५ मीटरवर, तेव्हा त्याचा वेग ९२ मी/से. उरलेला

उशीर साधारण ०.०६ सेकंदाचा, म्हणजे दहा टक्के. पृथ्वीच्या गोलाईचा मुद्दा कुणी काढण्याआधीच सांगतो, ७५ मीटरमध्ये ती अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

तुमच्या नाण्यांच्या प्रयोगात "टक्" एकच का येतो? फूटपट्टीने नाणं जेमतेम २-३ मी/से. वेगाने सुटतं. एवढ्या वेगाला उशीर एक मिलिसेकंदाच्याही आतला. तो कानाला कळत नाही, म्हणून पुस्तक खरं वाटतं.

टवाळ_गोदाकाठी

म्हणजे अकरावीचं पुस्तक रद्दीत?

शून्य_घर्षण

नाही हो. पुस्तकात "हवेचा रोध नगण्य मानून" हे शब्द असतात, वाचायचे राहतात एवढंच. आणि एक गंमत बघा. रोध जर वेगाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असता (मधात सोडलेली छोटी गोळी किंवा धुक्याचा थेंब, तिथे तसाच असतो), तर हवा असूनही दोन्ही गोळ्या एकदमच पडल्या असत्या. उभ्या समीकरणात मग फक्त उभाच वेग येतो. घोळ हवेमुळे नाही, वर्गामुळे आहे.

मोजपट्टी

(२) चं उत्तर. शाळेत छर्ऱ्याची बंदूक आणायची नाही, हे आधी ठरवून टाका. टेबल टेनिसचा चेंडू घ्या. ४० मिमी, २.७ ग्रॅम, हे आकडे नियमानेच ठरलेले आहेत, म्हणजे मोजायची कटकट नाही. इतका हलका की हवा त्याला बऱ्यापैकी जाणवते. त्याचा टर्मिनल वेग (रोध वजनाएवढा झाला की पडताना स्थिरावतो तो वेग) फक्त ९ मी/से. आहे.

उंची २ मीटर, आडवा वेग १० मी/से. धरून गणित केलं:
– हवा नसती तर दोन्ही: ०.६४ सेकंद
– हवेत नुसता सोडलेला: ०.६६५ सेकंद
– हवेत आडवा मारलेला: ०.७१ सेकंद, साधारण ५ मीटरवर

फरक ०.०४४ सेकंद. आजकालच्या बऱ्याच मोबाईलमध्ये स्लो-मो सेकंदाला २४० फ्रेमचा असतो. म्हणजे दहा-साडेदहा फ्रेमचा फरक. आरामात मोजता येतो.

मांडणी: जाड लाकडी फळी, तिच्या दोन कडांना दोन खिळे, मध्ये रुंद रबरबँड, रबरबँडला चिकटवलेला सपाट पुठ्ठा. पुठ्ठा मागे ओढायचा, पुढे चेंडू ठेवायचा, सोडायचा. पुठ्ठा चेंडूच्या बरोब्बर मध्यावर लागला पाहिजे. दोन्ही चेंडू एकाच वेळी सोडायची सर्कस करू नका. प्रत्येकाचा वेगळा व्हिडिओ घ्या, सुटल्याच्या फ्रेमपासून टेकल्याच्या फ्रेमपर्यंत मोजा.

काय काय बिघडतं:

पहिलं, फळी समतल नसते. हा सगळ्यात मोठा चोर. फळी फक्त एक अंश वर झाली तरी १० मी/से.ला चेंडूला ०.१७ मी/से. उभा वेग फुकट मिळतो आणि वेळ सुमारे ०.०२ सेकंदांनी वाढते. म्हणजे जो परिणाम शोधायचाय त्याच्या जवळजवळ निम्मा! गवंड्याची पाणसळ लावा. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालेल, पण आधी मोबाईल उलटा फिरवून दोन्हीकडे तोच आकडा येतो का बघा. त्याहून पक्का इलाज म्हणजे फळी १८० अंशात फिरवून उलट दिशेने पाच-पाच चेंडू मारायचे आणि सरासरी घ्यायची.

दुसरं, फिरकी. बॅटने मारलात किंवा टिचकीने उडवलात तर चेंडू गिरकी घेतो आणि त्याला वर किंवा खाली ढकलणारं बल मिळतं. उलटी फिरकी मिळाली तर वेळ वाढतो आणि पोरं म्हणतात "बघा सर, परिणाम दुप्पट आला". चेंडूवर काळ्या मार्करने पूर्ण वळसा काढा. व्हिडिओत तो पट्टा फिरताना दिसला की ते वाचन बाद.

तिसरं, पंखा. बंद करायचा. वर्गाच्या खिडक्याही.

आडगाव_नाका

मोजपट्टी ताई, हे झकास आहे. एक शंका, स्लो-मो व्हिडिओत वेळेचा हिशोब कसा ठेवायचा? प्लेअर दाखवतो ते सेकंद ताणलेले असतात.

मोजपट्टी

प्लेअरची वेळ बघूच नका, फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. काही फोन अंधारात फ्रेम-रेट गुपचूप उतरवतात, म्हणून उजेड भरपूर ठेवा. पडताळणी सोपी आहे: लोखंडी गोळी २ मीटरवरून सोडा, ०.६४ सेकंद म्हणजे १५३ फ्रेम यायला हव्यात. त्या १५०-१५६ च्या बाहेर गेल्या तर फोन थापा मारतोय. आणि हो, पुस्तकातला ९.८१ वापरू नका. २० अंश अक्षांश आणि ६०० मीटर उंचीला सूत्राने ९.७८ आणि ९.७९ च्या मध्ये येतं. या प्रयोगात तेवढ्याने काही बिघडत नाही, पण मुलांनी विचारलं तर उत्तर असू द्या.

दहा_मीटर

छर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच पुरून टाकू. "गोळी नळीतून निघाली की आधी थोडी वर उचलते, मग पडते" हे खूप जण बोलतात. चूक. सुटल्या क्षणापासून ती नळीच्या रेषेच्या खालीच यायला लागते.

१० मीटर एअर रायफलला छर्ऱ्याला निशाणापर्यंत जायला साधारण ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो १८ मिमी खाली येतो. या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो! म्हणजे नळी ठिपक्यावर सरळ रोखली तर छर्रा ठिपक्याच्या छत्तीस पट अंतर खाली लागेल. तरी ठिपका उडतो, कारण साइट (नेम धरायचं साधन) नळीच्या वर बसवलेली असते आणि नळी तिच्या मानाने किंचित वर तिरकी असते. साइट नळीच्या मध्यरेषेपासून ६० मिमी उंच असेल, तर ६० अधिक १८, म्हणजे ७८ मिमी वर चढायला हवं. दहा मीटरला तो कोन भरतो अर्ध्या अंशाहून कमी, ०.४५ अंश. छर्रा साइटच्या रेषेला खालून येऊन गाठतो, म्हणून "वर उचलला" असं वाटतं.

या दहा मीटरमध्ये हवा छर्ऱ्याचे १२ ते १५ मी/से. खाऊन टाकते. हलका छर्रा वापरला तर नळीपाशी वेग जास्त, पण टोकाला फायदा बराचसा गळालेला. नुसता डब्यावरचा वेग बघून छर्रे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टवाळ_गोदाकाठी

आणि लग्नात हवेत बार काढतात त्या गोळ्यांचं काय? वर जाऊन विरघळतात?

दहा_मीटर

विरघळत नाहीत, परत येतात. हवा नसती तर निघालेल्याच वेगाने परत आल्या असत्या. हवेमुळे ७.६२ मिमीची, साधारण ९.७ ग्रॅमची गोळी खाली येताना ९० मी/से.च्या आसपास स्थिरावते. ऊर्जा ३९ ज्यूल. स्पर्धेच्या छर्ऱ्याच्या पाच पट. डोक्यावर आली तर कवटीला पुरेशी. आणि नळी नेमकी उभी नसेल, नसतेच, तर गोळी गिरक्या खात न येता टोक पुढे ठेवून कमानीने येते आणि तिचा वेग त्याहून जास्त उरतो. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीनंतर असा हर्षबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सिक्सर_हाफपीच

(३) एक्सेलचं मी घेतो. चेंडू क्रिकेटचाच घ्या, पोरं जागी राहतात.

वजन १६० ग्रॅम, व्यास ७२ मिमी, रोध-गुणांक ०.४५, घनता १.१. त्यावरून स्थिरांक क = ½ × घनता × गुणांक × छेदाचं क्षेत्रफळ ÷ वस्तुमान = ०.००६३ प्रति मीटर. टर्मिनल वेग ३९.४ मी/से., म्हणजे ताशी १४२ किमी. हा आकडा मुलांना फळ्यावर लिहून दाखवा, कारण त्याचा अर्थ भारी आहे: तेज गोलंदाजाने १४२ ला टाकलेल्या चेंडूवर हवेचा रोध *चेंडूच्या वजनाएवढाच* असतो. हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत, टप्प्याचं नुकसान सोडूनही, तो १२७ वर उतरतो.

शीटमध्ये सहा कॉलम: वेळ, आडवं अंतर, उंची, आडवा वेग, उभा वेग, एकूण वेग. वेळेची पायरी ०.०१ सेकंद. पुढच्या ओळीत:

नवा आडवा वेग = जुना आडवा − क × एकूण × जुना आडवा × ०.०१
नवा उभा वेग = जुना उभा − (९.७८ + क × एकूण × जुना उभा) × ०.०१
अंतर आणि उंची = जुनी + वेग × ०.०१
एकूण वेग = दोन्ही वेगांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ

उंची ऋण झाली की थांबा. सातशे ओळी खाली ओढल्या की पुरे.

३९.४ मी/से. आणि ४५ अंशाला काय यायला हवं:

हवा नसताना: अंतर १५९ मीटर, सर्वोच्च उंची ४० मीटर, वेळ ५.७ सेकंद.
हवेत: अंतर ९३-९४ मीटर, उंची २९ मीटर, वेळ ४.८५ सेकंद. पडताना कोन ५७ अंश, वेग २५ मी/से.

कमान बघा. परवलय नाही. सर्वोच्च बिंदू मध्यावर नसून थोडा पुढे, ५५ टक्क्यांवर येतो, आणि उतरण चढणीपेक्षा खडी. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक "अजून मागे, अजून मागे" करत जातो आणि चेंडू त्याच्या पुढ्यात टपकन पडतो ते यामुळेच.

मुंबईत (त्याच तापमानाला) घनता सात टक्के जास्त. तोच फटका तिथे अडीच-तीन मीटर कमी जाईल. म्हणजे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरचा काठावरचा सिक्सर मुंबईत झेल. 😀

शीटमध्ये पोरं हमखास कुठे घसरतात:

कोन. एक्सेलचं साइन-कोसाइन अंशात नाही, रेडियनमध्ये चालतं. आणि ४५ हा आकडा फार फसवा आहे. ४५ तसाच टाकला तर साइन ०.८५१ आणि कोसाइन ०.५२५ येतं. दोन्ही धन, दोन्ही एकाच्या आत, कुणाला संशय येत नाही. प्रत्यक्षात तुम्ही ५८ अंशाला फटका मारलेला असतो. पहिल्या ओळीत दोन्ही वेग २७.९ दिसले तरच पुढे जा.

चिन्ह. उभ्या रोधात "एकूण × उभा" च्या जागी "उभ्याचा वर्ग" लिहिला की चिन्ह गळतं. चढताना उत्तर बरोबर वाटतं, पण चेंडू खाली यायला लागला की हवा त्याला अडवायच्या ऐवजी खालीच ढकलते. उतरताना उभं त्वरण ९.७८ च्या वर गेलं की समजा हाच घोटाळा.

पायरी. ०.१ ची पायरी घेतली की उत्तर हलतं. पायरी निम्मी करून पाहा. उत्तर जवळजवळ जागेवर राहिलं तर पुरेशी बारीक आहे.

देवळाली_कॅम्प

तोफेचं कुणी बोललं नाही, आणि आपण बसलोय तोफखाना विद्यालयाच्या शेजारी! एम-७७७ आणि के-९ वज्र या दोन्ही तोफा ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीतच लष्करात दाखल झाल्या.

१५५ मिमीच्या एम-७७७ चा साधा तोफगोळा ८२७ मी/से. वेगाने सुटू शकतो. पुस्तकी सूत्र लावा: वेगाचा वर्ग भागिले ९.८, म्हणजे ७० किमी. प्रत्यक्षात मारा साधारण २४ किमी. दोन तृतीयांश पल्ला हवा गिळते, तेही गोळा पन्नास किलोच्या आतबाहेर जड आणि टोकदार असून.

हे सगळ्यात आधी आकड्यांत पकडलं ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने, १७४२ मध्ये. जड लाकडी लंबकात गोळी मारायची आणि लंबक किती झुलला त्यावरून वेग काढायचा. तोवर तोफखान्यात गॅलिलिओचं परवलय चालत होतं आणि जड गोळ्याला हवा काय अडवणार, असा समज होता.

सिक्सरभाऊंच्या शीटमध्ये रोध-गुणांक स्थिर आहे, तो चेंडूला चालतो. तोफगोळ्याला नाही. आवाजाच्या वेगाजवळ (२७ अंश तापमानाला ३४७ मी/से.) गुणांक एकदम उसळी घेतो, दुपटीहूनही जास्त. गोळा नळीतून निघतो सुपरसॉनिक (आवाजाहून वेगवान), वर जाता जाता आवाजाच्या वेगाजवळ येतो, म्हणजे एकाच उड्डाणात गुणांक बदलत राहतो. शिवाय उंचीवर हवा विरळ. त्यामुळे कोनाचंही उलटंपालटं होतं: क्रिकेटच्या चेंडूला सर्वांत लांब जायला ४५ पेक्षा थोडा *कमी* कोन लागतो, ४०-४२ च्या आसपास, पण फार वेगवान आणि जड गोळ्याला ४५ पेक्षा *जास्त*, कारण लवकरात लवकर विरळ हवेत घुसणं फायद्याचं. १९१८ मध्ये जर्मनांनी पॅरिसवर शंभर किमीच्या पलीकडून डागलेली तोफ ५० अंशांच्या वर रोखलेली असायची. गोळा चाळीसेक किमी उंच जायचा.

म्हणून तोफेला वाऱ्याचे वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे फुग्यांकडून घ्यावे लागतात, हवेचं तापमान लागतं, तोफेच्या दारूचं तापमान लागतं (गार दारू मंद जळते, वेग घटतो), आणि बॅरल किती झिजलंय तेही. २४ किमीवर पृथ्वीची गोलाई ४५ मीटर भरते. पृथ्वीच्या फिरण्याने आपल्या अक्षांशावर गोळा चाळीसेक मीटर उजवीकडे सरकतो. गोळ्याच्या स्वतःच्या फिरकीने होणारी सरक त्याहून बरीच मोठी.

निफाड_बागायत

थोडं अवांतर होईल, पण पडणाऱ्या वस्तूंचाच प्रश्न आहे. गारपिटीत गार किती वेगाने येते? आणि द्राक्षबागेवरची गारपीट जाळी ताठ बांधायची की सैल? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरं.

शून्य_घर्षण

अवांतर मुळीच नाही. गार म्हणजे निसर्गाने सोडलेला छर्रा.

हवा नसती तर दोन किमीवरून साधा पावसाचा थेंबसुद्धा जवळजवळ २०० मी/से.ने आला असता. हवेमुळे २ मिमीचा थेंब साडेसहा आणि ५ मिमीचा नऊ मी/से.वर स्थिरावतो. गारेसाठी, रोध-गुणांक ०.६ आणि बर्फाची घनता ९०० धरून, ढोबळ आकडे असे:

१ सेमी व्यास: १३ मी/से., ०.०४ ज्यूल
२ सेमी: १९ मी/से., ०.६७ ज्यूल
४ सेमी: २७ मी/से., सुमारे १०.७ ज्यूल

(हवेचे बुडबुडे असलेली दुधी गार हलकी असते, ती याहून हळू येते.)

ऊर्जेचा कॉलम बघा. व्यास दुप्पट, ऊर्जा सोळा पट. वस्तुमान आठ पट होतं आणि टर्मिनल वेगाचा वर्ग दुप्पट. म्हणून बोराएवढ्या गारेने मणी फुटतात आणि लिंबाएवढ्या गारेने काडी सोलते. ४ सेमीची गार स्पर्धेच्या छर्ऱ्याहून जास्त ऊर्जा घेऊन येते (छर्रा साडेसात ज्यूल).

वारा असेल तर गार तिरकी येते. २ सेमीच्या गारेला १५ मी/से.चा वारा मिळाला, तर एकूण वेग २४, ऊर्जा १.६ पट, आणि ती उभ्या रेषेपासून ३८ अंश कलून येते. वरून झाकलेला घडही बाजूने झोडपला जातो.

जाळीचं गणित: सरासरी बल म्हणजे ऊर्जा भागिले थांबायचं अंतर. ४ सेमीची गार जाळीने २ सेमीत थांबवली तर ५३५ न्यूटन, १० सेमीत थांबवली तर १०७. म्हणजे तारेसारखी ताठ जाळी फाटणार. पण सैल म्हणजे झोळ पडलेली नव्हे. झोळात गारा साचतात, वजनाने जाळी फुटव्यांवर टेकते आणि मग थांबायला जागाच उरत नाही. जाळीला लवचीकपणा हवा, दोन्हीकडे उतार हवा, आणि उताराच्या खाली ओळींच्या मध्ये गारा गळून पडायला फट हवी. शेंड्यापासून जाळीचं अंतर हातभर तरी ठेवा.

निफाड_बागायत

सैल-ताठ दोन्ही अर्धे बरोबर होते म्हणायचे. मग फवारणीचंही सांगून टाका. ब्लोअरचं औषध शेजारच्या बागेत उडतं, त्यावरून दर हंगामात बांधावर भांडणं.

वातकुक्कुट

हे मी सांगतो. इथे रोध वर्गाचा राहत नाही, थेंब इतका बारीक की श्यानतेचं (हवेच्या चिकटपणाचं) राज्य येतं. मांडवाची उंची २ मीटर, वारा २ मी/से. (पानं हलतात एवढा) धरा:

२०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब ०.७ मी/से.ने पडतो, सहाएक मीटर वाहतो.
१०० मायक्रॉनचा ०.२६ ने, पंधरा मीटर.
५० मायक्रॉनचा ०.०७ ने, पंचावन्न मीटर. तोही वाटेत सुकला नाही असं धरून.

थेंब निम्मा झाला की पडायचा वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. ब्लोअरचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात, "धुकं छान बसतं" असं दिसतं, आणि ते धुकं बांध ओलांडतं. दाब उतरवा, झिजलेली नोझल बदला, बांधाकडच्या दोन ओळी आतल्या बाजूला तोंड करून मारा. दुपारी थेंब वाटेतच सुकून बारीक होतो, म्हणजे आणखी लांब जातो. पहाटे हवा अगदी पडलेली असते तेव्हाही जपून: बारीक थेंब खालीच तरंगत राहतात आणि झुळूक आली की अख्खे एका बाजूला सरकतात. हलका, एका दिशेचा वारा असलेली सकाळ बरी.

त्रिरश्मी

धागा चांगला चाललाय, पण "जड वस्तू आधी पडते" हे पोरांच्या डोक्यातून आकड्यांनी जात नाही. कपकेकचे कागदी कप आणा. एक कप, चार कप एकात एक घातलेले. आकार तोच, वस्तुमान चौपट, म्हणून टर्मिनल वेग दुप्पट. साधारण ०.३५ ग्रॅमचा, ७ सेमी तोंडाचा कप सव्वा-दीड मी/से.ने उतरतो, चार कप पावणेतीनच्या आसपास.

फक्त एक करा: वेळ सोडल्यापासून मोजू नका. एक कप वीतभर खाली आला की स्थिरावतो, पण चार कपांना पाऊण-एक मीटर लागतो. सुरुवातीपासून मोजलं की गुणोत्तर दोनच्या ऐवजी भलतंच येतं. जिन्याच्या पोकळीतून सोडा, भिंतीवर शेवटचा एक मीटर खडूने आखा, तेवढ्याचाच व्हिडिओ घ्या.

आडगाव_नाका

सगळ्यांचे आभार. शीट बसवली. क, कोन (रेडियन केलंय, दोन्ही वेग २७.९ दिसतात), पायरी ०.०१, सगळं सिक्सरभाऊंनी सांगितलं तसं. चिन्हही तपासलं, उतरताना त्वरण ९.७८ च्या आतच आहे. तरी अंतर येतंय १०२ मीटर आणि उंची ३२. पायरी ०.००५ केली तरी १०२ च.

सिक्सर_हाफपीच

१०२ आणि ३२ म्हणजे तुम्ही आडव्या रोधात आडव्याचाच वर्ग आणि उभ्या रोधात उभ्याचाच वर्ग (चिन्ह सांभाळून) घेतलाय. एकूण वेगाचा कॉलम बनवलाय, पण सूत्रात वापरलेला नाही. चौथ्या आणि पाचव्या कॉलमचं सूत्र उघडून बघा, सहाव्या कॉलमचा पत्ता आहे का त्यात?

आडगाव_नाका

नाही. धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात जे सांगितलंय तेच केलं नव्हतं. सूत्र बदललं, अंतर ९३ च्या पुढे, उंची २९. १०२ ची शीट खोडत नाही, प्रदर्शनात दोन्ही शेजारी शेजारी लावतो आणि मागच्या बाकाला चूक शोधायला सांगतो.

मोजपट्टी

लावा. आणि पाणसळ विसरू नका.